दादाचे ग्रंथालय आणि वहिनींच्या कोऱ्या ओळी

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय अडुसष्ट, धंदा पुस्तकबांधणी, लग्न केलेले नाही व त्याबद्दल कोणी हळहळू नये, असे लिहून ठेवते की येत्या सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. पण हे सांगताना ते माझ्याकडे न बघता रिपोर्टकडे बघत होते, म्हणून हा खटाटोप. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घालून किंवा गोड बोलून हे लिहून घेतलेले नाही. दोन्ही प्रयत्न पूर्वी वेगवेगळ्या लोकांनी करून पाहिले आहेत, त्यांना विचारावे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले आणि जमल्यास शेवटचे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या वहिनींनी, म्हणजे माझ्या कैलासवासी थोरल्या भावाच्या पत्नीने करावी. आम्हा दोघींचा सहा वर्षे अबोला होता, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. तरी मी हे लिहिते आहे, म्हणजे विचार करूनच लिहिते आहे.

कलम १. घर. घराच्या दोन खोल्या आहेत. पुढची बांधणीची, मागची राहण्याची. दोन्ही माझ्या भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला, द्याव्यात. मात्र वहिनींना इथे हवे तितके दिवस राहता यावे. त्यांच्या सध्याच्या भाड्याच्या खोलीचा जिना शिडीसारखा उभा आहे. "मला काही होत नाही जिन्याचं," असे त्या म्हणतात आणि वर पोचल्यावर पाच मिनिटे कठड्याला धरून रस्ता बघितल्याचे नाटक करतात. मी पाहिले आहे. मागच्या खोलीची खिडकी पावसाळ्यात फुगते, तिला खालून गुडघा लावावा लागतो.

कलम २. बँकेतली शिल्लक. आधी हॉस्पिटलचे बिल भागवावे. उरेल ते भाचीच्या शिक्षणाला.

कलम ३. अवजारे. पुस्तके दाबायचा लोखंडी शिकंजा, कागद कापायचे यंत्र, दाभणे, हाडाची पट्टी आणि सरसाचे भांडे कागदवाल्याच्या मोठ्या मुलीला द्यावे. तिला फर्मे, म्हणजे घडीच्या कागदांचे जुडगे, शिवता येतात आणि ती दोरा दाताने तोडत नाही. शिकंज्याचे चाक डावीकडे जड जाते, तेल घालून उपयोग नाही, दमाने घ्यावे. हे ती विसरेल, म्हणून इथे लिहिले.

कलम ४. आमच्या ख्रिस्ती मंडळीचे खजिनदार. यांनी उपासनेच्या गीतपुस्तकांची बांधणी माझ्याकडून करून घेतली आणि वार्षिक सभेत उभे राहून "कोपरे जरा तिरके आहेत" असे सांगितले. कोपरे तिरके नव्हते. खजिनदारांना माझा काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या द्यावा, म्हणजे त्यांनी घरी बसून तपासावे. माझा त्यांच्यावर आता राग नाही, थोडासाच आहे.

कलम ५. दादाचे ग्रंथालय. हे कलम लांब आहे, वाचणाऱ्याने बसून वाचावे.

माझा थोरला भाऊ मंडळीचा पाळक होता. त्याची बायबलवरची भाष्ये, कोश आणि नकाशे एके काळी माझ्याच हातून बांधून घेतलेले असत. पुढे त्याने ती सगळी देऊन टाकली आणि संगणकावरचे ग्रंथालय घेतले, तेही एका निवृत्त पाळकाकडून, परवाना रीतसर आपल्या नावावर करून. मी त्याला म्हटले, "दादा, ज्या पुस्तकाला पाठच नाही, ते बांधायचं कुणी?" तो म्हणाला, "तुला आता आराम." मला चांगलेच झोंबले होते.

दादाने आपल्या मृत्युपत्रात हे ग्रंथालय माझ्या नावे केले. का, ते सांगितले नाही. बहुधा तो माझ्या टोमण्याचा वचपा होता, किंवा झोंबल्यावरचे मलम.

आता कायद्याचे. या पुस्तकांची मालकी कोणाकडेच नसते, वाचण्याचा परवाना असतो. तो विकता येतो, देता येतो, पण सगळा संग्रह एकदम आणि एकाच माणसाला. मंडळीच्या नावे होत नाही, ही गोष्ट मी खजिनदारांना चारदा समजावली आहे. "स्तोत्रांपुरती भाष्यं द्या, बाकीची ठेवा," असेही चालत नाही, कारण ही भाजीची जुडी नव्हे. आणि एक गोष्ट अशी की परवाना दुसऱ्या खात्यावर गेला की पुस्तके जातात, पण आधीच्या माणसाने त्यात लिहिलेल्या टिपा जात नाहीत. जुने खाते बंद होते आणि टिपा पुसल्या जातात.

दादाने पानोपानी टिपा लिहिल्या होत्या.

तो गेल्यावर महिनाभरात वहिनी माझ्याकडे आल्या. कोणी मोटारसायकलवरून गावोगाव फिरणारा उपदेशक होता, त्याला हा संग्रह विकत हवा होता. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, पुस्तकं वाचणाऱ्याकडे जाऊ देत. तुमच्याकडे नुसती बंद राहतील."

मी म्हटले, "दादाचं अक्षर विकायला काढलंत होय?"

"अक्षर कुठलं आलंय त्यात? सगळं छापील तर आहे."

त्या दिवसापासून अबोला. उपदेशकाला मी दारातूनच वाटेला लावले.

परवाना माझ्या नावावर करायचा अर्जही मी भरला नाही, कारण माझ्या नावावर केला असता तरी टिपा गेल्याच असत्या. दर रविवारी उपासनेनंतर मी दादाचाच पासवर्ड घालून खाते उघडायचे. पडद्यावर त्याचे नाव यायचे आणि खाली, "पुन्हा स्वागत आहे." मग मी स्तोत्रांवरच्या त्याच्या टिपा वाचायचे. तेवढ्याच, फिरून फिरून. बाकीच्या मी हात न लावता ठेवल्या होत्या. सगळ्या वाचून संपल्या असत्या तर दादाकडे मला सांगायचे काही उरले नसते, असे मला वाटे. अजूनही वाटते.

यंदा कंपनीचे पत्र आले की खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसाने नोंद न केलेली खाती वर्षअखेर कायमची बंद होतील. पुस्तकेही जाणार आणि टिपाही. मी फोन लावला. पलीकडे एक तरुण मुलगी होती. तिला म्हटले, "टिपा तेवढ्या एकगठ्ठा छापून द्या, मी बांधीन."

"त्यासाठी खातेदारांची सही लागेल, मॅडम."

"खातेदार चर्चमागच्या दफनभूमीत आहेत."

ती आवाज खाली आणून म्हणाली, "बाई, तुम्ही हातानं उतरवून घ्या. त्याला कुणी अडवणार नाही." त्या मुलीचे भले होवो.

भाचीला विचारले. ती पाळक होण्याचे शिक्षण घेते आहे, पुस्तकांची गरज तिला आहे. मला वाटले, बापाच्या टिपा म्हटल्यावर ती उडी मारील. तर म्हणते, "आत्या, मला पुस्तकं हवीत, टिपा नकोत. त्या वाचल्या तर जन्मभर मी बाबांचीच प्रवचनं देत बसेन." मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मला ते पटले. तसे मी तिला सांगितलेले नाही, आता हे वाचून कळेल.

माझे डोळे कागदावर चालतात, पण त्या उजळ पडद्याकडे फार वेळ पाहिले की त्यांना पाणी येते. वाचून दाखवणारे माणूस हवे होते. भाचीने निरोप धाडला, कोणाला ते मला न सांगताच. दुसऱ्या दुपारी वहिनी दारात, काखेत स्वतःची उशी, कारण माझ्या खुर्च्या टणक आहेत असे त्यांचे पूर्वीपासूनचे मत. बसल्या, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "कुठून वाचू?" सहा वर्षांचा अबोला असा मोडला, त्याला काही समारंभ झाला नाही.

मी रुंद समासाचे कागद घडी घालून फर्मे केले होते. वहिनी वाचत, मी उतरवीत असे. पहिले काही दिवस नुसते काम झाले. मग ईयोबाचे पुस्तक आले, मुलेबाळे आणि धन सगळे गमावलेल्या भल्या माणसाचे. ईयोबाची बायको जिथे एकदाच तोंड उघडते आणि नवऱ्याला देवाला शाप देऊन मरायला सांगते, तिथली दादाची टीप वहिनी वाचू लागल्या: "इथे सगळे भाष्यकार बाईवर तुटून पडले आहेत. मुले तिचीही गेली होती, हे कोणाच्या ध्यानात नाही. हिला विचारणे."

आणि शेवटचे दोन शब्द त्यांनी पुन्हा वाचले.

मी मठ्ठासारखे म्हटले, "हिला म्हणजे कुणाला?"

"मला. आणखी कुणाला?" वहिनींनी चष्मा काढून पदराने पुसला. "विचारलं होतं त्यांनी. मी भाजी चिरत होते."

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, चिडली असेल बिचारी. चिडलेल्या माणसाचं बोलणं कुणी लिहून ठेवतं का? आणि लिहायचंच, तर नवऱ्यानं तिला 'चल, दोन घास खा' म्हटलं की नाही, तेही लिहा म्हणावं."

मी लेखणी खाली ठेवली. दादाचे ते प्रवचन मला तोंडपाठ आहे. सगळी मंडळी रडली होती. 'ईयोबाने तिला जेवायला बसवले असेल का?' असे दादाने विचारले आणि खजिनदारांनीसुद्धा नाक पुसले होते. बुद्धी आमच्या घराण्याची, असे मी तेव्हापासून चारचौघांत सांगत आले आहे.

पुढे तर जागोजागी तेच. जिथे म्हणून भाष्यकारांचे हात टेकले, तिथे दादाची टीप, "हिला विचारणे." उत्तर मात्र एकाही ठिकाणी लिहिलेले नाही. ते त्याने प्रवचनात वापरले असेल, पण टिपेत उतरवले नाही. मी प्रत्येक ठिकाणी खाली एक ओळ कोरी सोडत आले आहे. वहिनी भरत नाहीत. "माझं काय लिहायचं त्यात? स्वयंपाकघरातलं बोलणं ते," म्हणतात. दर दुपारी यावरून आमचे वाजते. सहा वर्षे असे कोणाशी वाजले नव्हते. मला किती बरे वाटते, ते वहिनींना सांगायचे राहून गेले, म्हणून इथे लिहिले आहे.

तेव्हा माझी इच्छा अशी.

(अ) ग्रंथालयाचा परवाना माझ्या भाचीला द्यावा, संपूर्ण आणि विनाअट. परवाना थेट तिच्या नावावर करायच्या, कंपनीच्या संमतीपत्रावर मी वारस म्हणून सही करून ते शिकंज्याखाली ठेवले आहे.

(आ) उतरवलेल्या टिपांचा ग्रंथ वहिनींचा. तो भाचीने मागितला तरी तिला देऊ नये. ती म्हातारी होऊन स्वतःची प्रवचने देऊन थकली, तर मग बघावे.

(इ) आमचे काम बायबलमधल्या संदेष्ट्यांच्या पुस्तकांपर्यंत आले आहे. मी परत आले नाही, तर उरलेले वहिनींनी उतरवावे. त्यांचे अक्षर गिचमिड आहे, असू दे. मात्र काम पुरे होण्याआधी वर्ष संपत आले, तर संमतीपत्र पाठवून द्यावे. गेलेल्या माणसाच्या टिपांपायी जिवंत पोरीची पुस्तके बुडवू नयेत. हे वाक्य लिहिणे मला फार जड गेले आहे. वहिनी सहा वर्षांपूर्वी हेच सांगत होत्या.

(ई) संमतीपत्र पाठवायच्या दिवशी वहिनींनी खाते एकदा उघडावे. दादाचे नाव येईल, खाली "पुन्हा स्वागत आहे" येईल. ते मोठ्याने वाचावे आणि मग बंद करावे.

(उ) ग्रंथाचा पुठ्ठा आणि निळे कापड मापाने कापून ठेवले आहे. कागदवाल्याच्या मुलीने फर्मे शिवून ठेवावेत, पण कोऱ्या ओळी वहिनींच्या हाताने भरल्याखेरीज पुठ्ठा चढवू नये. उघड्या पाठीचे पुस्तक वहिनींना डोळ्यांसमोर बघवत नाही, हे मला ठाऊक आहे.

कलम ६. अंत्यविधी. मोठी भाषणे नकोत. शास्त्रवाचन भाचीने करावे, तिला आवाज आहे. कोणता उतारा वाचावा हे मी ठरवत बसले होते, बऱ्याच उताऱ्यांवर खुणाही केल्या. मग खोडल्या. त्याबाबत कलम ७ पाहावे.

कलम ७. या मृत्युपत्रात काही राहून गेले असेल, कशाचा अर्थ लागत नसेल किंवा त्यावरून कोणाचे दुमत झाले, तर वकिलाकडे जाऊ नये. हिला विचारणे.

हे सर्व मी स्वतः वाचले व साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवले. वहिनींना यातून मिळायचे आहे, म्हणून त्यांना साक्षीदार होता येत नाही. त्या दारात उभ्या आहेत.

सही: बांधणीवाली

साक्षीदार १: कागदवाला (सही)
साक्षीदार २: मंडळीचे खजिनदार (सही; कलम ४ ऐकूनही, आणि साक्षीदाराला काही मिळत नाही म्हणून गुण्यावरचा हक्क सोडूनही सही केली, याची नोंद घ्यावी)

ठिकाण: बांधणीची खोली
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आधीचा गुरुवार, दुपार