मीठ तेवढं बघा

मुखेड, बुधवार

प्रिय सिंधु,

रविवारी सकाळी मी मटणाच्या दुकानापुढं रांगेत उभा होतो. हे वाक्य तू दोनदा वाचणार, म्हणून उलगडून सांगतो. आंघोळ केली, देवाजवळ दिवा लावला, हरिपाठ म्हटला आणि कपाळाचा बुक्का न पुसता पिशवी घेऊन निघालो. माळ सदऱ्याच्या आत घालावी म्हणून बटणापर्यंत हात गेला होता. मग वाटलं, देवापासून काही लपत नाही आणि मुखेडात तर त्याहून लपत नाही. तशीच राहू दिली. मला बघून दुकानदाराचा सुरा वरच्या वर थांबला. "माऊली, किराणा पलीकडच्या गल्लीत हाय," असं तो अगदी काळजीनं म्हणाला. मागून कोणीतरी "एकादशी लवकर सुटली की हो!" म्हणालं आणि सगळी रांग हसली. मीही हसलो. खोटं वाटेल तुला, पण हसलो. म्हणालो, अर्धा किलो खिमा द्या, बारीक करा, खाणाऱ्याला दात न्हाईत.  दुकानदारानं दोनदा कुटला, वर आणखी मूठभर टाकला आणि विचारलं, "अण्णाला का?" मी मान हलवली. रांगेतलं हसू थांबलं.

आता तुझ्यापासून लपवलेली गोष्ट. तू रोज संध्याकाळी फोन करायचीस आणि मी "अण्णा बरे आहेत" म्हणायचो. बरे नव्हते. संक्रांतीआधी ताप आला, आठवडाभर राहिला आणि जाताना त्यांची भूक घेऊन गेला. नऊ दिवस बशीभर चहा आणि दोन चमचे पेज, याच्यावर त्यांनी काढले. डॉक्टर म्हणाले, औषधाचं काम संपलं, आता पोटात अन्न गेलं तरच माणूस उठेल. तुला सांगितलं असतं तर तू पहिल्या गाडीनं आली असतीस आणि सुकन्या बारावीच्या तोंडावर त्या खोलीत एकटी पडली असती. म्हणून गप्प बसलो. जूनमध्ये तू तिच्या क्लाससाठी लातूरला खोली करून राहिलीस तेव्हापासून मी वरण-भात शिकलो होतो, भाकरीही आता तव्यावर पडेपर्यंत तुटत नाही. अण्णांसाठी मुगाचं कढण केलं, खिचडी केली, तुपातला शिरा केला. ते भिंतीकडं तोंड करून "ठेव तिथं" म्हणायचे. संध्याकाळी ताट जसंच्या तसं उचलायचं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस अंथरुणात दिवसागणिक चपटा होत चालला होता. देवापुढं बसलो तरी डोळ्यांपुढं ते न उष्टावलेलं ताटच यायचं.

शनिवारी दुपारी शेजारच्या साखराबाई आंबील घेऊन आल्या. मी शेतात होतो. आल्यावर त्यांनी भिंतीवरून मला हाक मारली. त्यांचं बोलणं तुला माहीत आहे, शिवी नसेल तर आपल्याशी बोलत नाहीत असं वाटावं. म्हणाल्या, "भागवता, बापाला गवत चारून राहिलास का रे? म्या इचारलं, अण्णा काय खाऊ वाटतंय? तर म्हणले, बटाटे घातलेला खिमा. आन् लगेच म्हणले, पोराला सांगू नको, त्याला पाप लागंल."  पाप मला लागेल म्हणून तो माणूस उपाशी मरायला निघाला होता.

बटाटे घातलेला खिमा कुणाचा, हे तुला सांगायला नको. आपलं लग्न झालं तेव्हा अण्णांची लेक महानंदा सासरी गेलेलीच होती, पण उन्हाळ्यात माहेरी आली की तिचा तो एक दिवस असायचा. तंबाखूनं अण्णांचे दात पन्नाशीतच गेले. आम्ही नळ्या फोडायचो आणि अण्णा रस्सा भाकरीत कुस्करून खायचे. ते तिला बघवायचं नाही. मग तिनं हे काढलं. एकच कढई, खिमा, बटाट्याच्या फोडी, आपला काळा मसाला, वर ताट झाकून ताटात पाणी. दुसरं भांडं नाही, रस्सा नाही, कुटाणा नाही. ती म्हणायची, "हे फकस्त अण्णाचं. बाकीच्यांनी हाडं चघळा." आणि तू आणि ती चुलीमागं बसून त्यातलंच चोरून खायचात, हे मला माहीत होतं.

मग तो भूकंप झाला. गणपती बोळवून तिचं गाव झोपलं होतं. जावई शेतात जागलीला होते म्हणून वाचले. मी ट्रकनं गेलो तेव्हा पाऊस पडत होता आणि गाव कुठं होतं ते दाखवायला माणूस लागत होता. त्यातलं काही मी तुला कधी सांगितलं नाही, आताही सांगत नाही. दोन दिवसांनी ती सापडली, एवढंच. परत आल्यावर मला कुठल्याच जिवाचं मेलेलं अंग बघवेना. तिचा दहावा झाला आणि मी महाराजांकडं जाऊन माळ घातली. ते माझ्यापुरतं खरं होतं, आजही खरं आहे. पण घरी येऊन उंबऱ्यात उभा राहून मी म्हणालो, "आजपासून या घरात मटण शिजणार नाही." तू सुकन्येला कडेवर घेऊन उभी होतीस, ती दीड वर्षाची. अण्णा ओट्यावर बसले होते. कोणी काही बोललं नाही. मला वाटलं, सगळ्यांना पटलं. सिंधु, मला सोळा वर्षं तसंच वाटत होतं. तू माहेरी रेणापूरला जायचीस, तिथं तुझा भाऊ मटण आणायचा आणि तू यायच्या दिवशी डोक्यावरून आंघोळ करून गाडीत बसायचीस. मला कळायचं. मी त्याला तुझं सोवळं समजायचो. ती तुझ्या मनातली माझी भीती होती.

रविवारी खिमा घेऊन आलो तो अंगणात. तीन दगड मांडले. घरातलं भांडं घ्यायचं नव्हतं, नवी कढई आणायचं डोक्यातच आलं नव्हतं. तेवढ्यात भिंतीवरून एक जर्मनची कढई पुढं आली. साखराबाई म्हणाल्या, "घे. तुमचीच हाय. सिंधीनं मला दिली व्हती, माळ घातली त्या आठवड्यात. म्हणली, मावशी, वापरा, पर मोडीत घालू नका." मी ती कढई हातात घेऊन किती वेळ उभा होतो कोण जाणे. शेवटी त्याच ओरडल्या, "आता तिची आरती करतोस का चुलीवर ठेवतोस?"

मग सुरू झाली माझी फजिती. खिमा मी साखराबाईंच्याच पातेल्यात घेऊन तुरीच्या डाळीसारखा चोळून चोळून धुतला आणि पाणी ओतायला गेलो तर निम्मा खिमा पाण्याबरोबर मोरीकडं निघाला. साखराबाईंनी कपाळावर हात मारला. "आरं, चाळणीत धुतात! माळकऱ्याच्या हातात खिमा म्हंजे..." पुढचं लिहीत नाही. उरला तेवढा वाचवला. तेलात कांदा परतला, लसूण-आलं ठेचून टाकलं, हळद, काळा मसाला. खिमा टाकला आणि तो वास उठला. मला वाटलं होतं मळमळेल, तोंड फिरवावं लागेल. तसं काही झालं नाही. मला उन्हाळा आठवला, चुलीमागं दाबून हसणाऱ्या तुम्ही दोघी आठवल्या. मी विठ्ठल विठ्ठल म्हणत उलथनं फिरवत राहिलो. बटाटे घातले, ताट झाकलं, ताटात पाणी ओतलं. साखराबाई म्हणाल्या, "पाणी कढलं की बटाटा शिजला. मग मीठ बघ."

इथं मी अडलो. मीठ बघणार कसं? चाखता येत नाही. सोळा वर्षांत जिभेला लागलेलं नाही आणि लावायचंही नव्हतं. अंदाजानं घातलं होतं, पण नऊ दिवस न जेवलेल्या माणसाच्या ताटात अंदाज कसा वाढायचा? साखराबाईंना म्हणालो, मावशी, तुम्ही चाखा. त्या म्हणाल्या, "मी कशाला? माझं गुडघं भिंतीवरून येत्यात व्हय? ज्याच्यासाठी केलंस त्यालाच इचार."

मी चमच्यात थोडं घेतलं, फुंकर मारली आणि आत गेलो. अण्णा भिंतीकडं तोंड करून पडले होते. रोज मी म्हणायचो, दोन घास खा. त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं, "अण्णा, मीठ तेवढं बघा. मला चाखता येत न्हाई." बस, एवढंच. त्यांनी मान वळवली. वास त्यांना अंगणातूनच आला असणार. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, माझ्या माळेकडं बघितलं, पुन्हा चमच्याकडं. मग तोंड उघडलं. खाण्यासाठी नाही हं, माझं काम अडलंय म्हणून. जिभेवर घोळवलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "कमी हाय."

मी पळत अंगणात गेलो, चिमूटभर मीठ घातलं, ढवळलं, पुन्हा चमचा. "आणिक जरासं." पुन्हा पळालो. तिसऱ्यांदा म्हणाले, "बटाट्याला लागलं न्हाई. बटाटा आण बरं एक." बटाटा नेला. चौथ्यांदा म्हणाले, "आता खिम्याला जास्त वाटतंय का बघू दे." साखराबाई भिंतीपलीकडून हसत होत्या. "भागवता, येड्या, मीठ कवाच बरोबर झालं! बाप जेवून राहिलाय तुझा!" मी अंगणाच्या मधोमध चमचा धरून उभा राहिलो आणि सिंधु, मला इतका आनंद कधी झाला होता ते आठवेना. सुकन्या झाली तेव्हा झाला असेल. त्यानंतर नाही.

मग मी त्यांना धरून बसवलं. ताट वाढलं. मऊ भाकरी, तिच्यावर खिमा. माझं ताट नेहमी देवघरापाशी असतं. त्या दिवशी मी माझं पिठलं घेऊन त्यांच्या शेजारी बसलो, गुडघ्याला गुडघा लागेल इतका. अण्णा म्हणाले, "तू तिकडं बस. तुला चालंल का?" मी म्हणालो, चालंल. त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली. नंतर उरलेली अर्धी मागितली. मध्येच थांबून म्हणाले, "महानंदी बटाटे बारीक चिरायची. तू धोंडे घातलेत." मी ऐकत राहिलो. सोळा वर्षांत या घरात तिचं नाव कोणी घेतलं नव्हतं. मटण बंद झालं, त्याबरोबर तिचा तो दिवस बंद झाला, तिची गोष्ट काढायला निमित्तच उरलं नाही. मला वाटत होतं मी तिच्यासाठी काहीतरी सोडलंय. अण्णांच्या हातून मात्र तीच सुटली होती. त्या दुपारी ते तासभर तिच्याबद्दल बोलले. लहानपणी ती विहिरीत कशी उतरली, लग्नात कशी रुसली, जावयाला पहिल्याच दिवाळीला काय बोलली. मला यातलं निम्मं माहीत नव्हतं. शेवटी त्यांनी असा ढेकर दिला की साखराबाईंनी पलीकडून "शाब्बास!" म्हटलं.

जेवण झाल्यावर मी त्यांच्या पायाशी बसून म्हणालो, अण्णा, चुकलं. माळ माझी होती, मी ती सगळ्या घराच्या गळ्यात घातली. ते म्हणाले, "तुझं दुख मोठं व्हतं. म्हणून कुणी बोललं न्हाई." आणि थोड्या वेळानं, "माझंबी व्हतं की रं." मी त्यांचे पाय चेपत राहिलो. सोमवारी ते काठी घेऊन ओट्यावर आले. आज सकाळी साखराबाईंशी भांडले. यावरून काय ते समज.

आता मी हे सगळं फोनवर का सांगितलं नाही, ते. श्रावणात तू एकदा फोनवर विचारलं होतंस. सुकन्येला वर्गात चक्कर आली होती, डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून अंडी, मटण द्यायला सांगितलं होतं. तू हळूच म्हणालीस, "अहो, देऊ का?" मी "बघू" म्हणालो आणि फोन ठेवला. तू पुन्हा विचारलं नाहीस. मी पुन्हा बोललो नाही. पाच महिने ते "बघू" माझ्यावर उधार आहे. बंदी मी उंबऱ्यात उभा राहून तोंडानं घातली होती, म्हणून ती कागदावर लिहून उठवतोय, तुझ्या हातात राहावी. माझी माळ गळ्यातच आहे आणि राहील. तुम्हा दोघींना त्याचं बंधन नाही, या घरातही नाही. सुकन्येला आवडलं तर खाऊ दे, नको म्हणाली तर बळजबरी करू नकोस, ती मी पुष्कळ केली. तिच्या वाट्याला आत्या आलीच नाही, तर खाताना तिला आत्याचं सांग. तू महानंदेला माझ्यापेक्षा जास्त ओळखायचीस. हे शेवटचं मी स्टँडवरच्या बाकावर बसून लिहितोय. सकाळी पुन्हा चूल मांडली होती. बटाटे या वेळी बारीक चिरले. दहाच्या लातूर गाडीत डबा कंडक्टरच्या सीटखाली ठेवून झालाय, हे पत्र त्याच्याच फडक्यात खोचायला देतोय. एक वाजता स्टँडवर जा, एवढंच आता फोनवर सांगतो. "बघू" म्हणालो होतो ना, बघितलं. आणि पाठवलं.

तुम्हा दोघींचा आणि आता थोडा अण्णांचाही झालेला,
तुझाच
भागवत