आप्पांच्या बंदुकीचा दस्ता

पिरनवाडी,
दसऱ्यानंतरचा सोमवार

तीर्थस्वरूप यशोदाआक्कास,

धाकट्या परशरामाचा साष्टांग नमस्कार. कोगनोळीत सगळे खुशाल असतील, दाजींचा गुडघा थंडीआधी ताळ्यावर आला असेल, असं धरून चालतो. इकडं तुझी भावजय नीलम बरी, म्हैस बरी, आप्पांची तब्येतही बरी; फक्त ते माझ्याशी बोलत न्हाईत. (म्हणून पत्र. फोनवर सांगता येईना. आप्पांना आता दिसत नसलं तरी ऐकू लई येतंय.)

त्याचं असं झालं. आप्पांची ठासणीची बंदूक तुला ठाऊकच आहे. रानडुकरं हाकलायचे दिवस गेले, आता वर्षातनं एकदा खंडेनवमीला पूजेपुरती खुंटीवरनं उतरते. दस्त्याचं लाकूड काळंमिट्ट झालेलं. यंदा आप्पांना ऐंशी पुरी झाली, म्हटलं दस्ता नव्यासारखा करून हातात द्यावा, म्हातारा खूश होईल. (चांगलं करायला जाऊन वाटोळं करायचं, ही माझी जुनी खोड.) अनगोळच्या भरमू मेस्त्रीनं सांगितलं, पॉलिश पेपरनं हलकं घास, काताचं पाणी उकळून लाव, वाळलं की जवसाच्या तेलाचे पातळ हात दे आणि दोन हातांत चार दिवस जाऊ दे. आता नवमी तीन दिवसांवर आणि हा बाबा सांगतोय चार दिवस! मी खसाखसा घासलं. रंग मात्र झकास आला, अगदी चिंचोक्यासारखा. मग तेल एकदाच दिलं, पण भरपूर.

ते काही वाळलं न्हाय. नवमीला दस्त्याला हळदकुंकू चिकटलं, झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या, अक्षता चिकटल्या. आप्पांनी दरवर्षीसारखी बंदूक उचलून दस्त्याला गाल लावला (रिकामी होती, भिऊ नकोस) आणि काढला तेव्हा निम्मी पूजा त्यांच्या मिशीत! नीलम तोंडाला पदर लावून आत पळाली. मीही हसलो असतो, पण आप्पा परत परत गाल टेकून बघत होते. पन्नास वर्षं गाल टेकून तिथं एक खळगा पडलेला, तोच मी घासून सपाट केलता. एवढंच म्हणाले, "ही माझी न्हवं. परशानं माझी इकली."

तवापासनं निम्मीच भाकरी खातात. आक्का, मी गोठ्यात जाऊन रडलो गं.

शेवटी दस्त्याच्या बुडाची लोखंडी पट्टी खोलली. तिच्याखाली खिळ्यानं कोरलेलं 'यशो' अजून तसंच आहे. ते झाकायलाच तर आप्पांनी पट्टी ठोकलेली! त्यांचं बोट धरून अक्षरांवरनं फिरवलं, म्हटलं आता तरी पटेल. तर म्हणाले, "ल्हानपणीबी आक्काचं नाव कोरून तिच्यावर ढकललास न्हवं? म्हणून मारलोतो तुला. आता परत कोरलास."

असो. दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
परशा

ता.क. – ते नाव कुणी कोरलं, हे तुला न् मला ठाऊक आहे. चिंचेच्या ओल्या फोकेचा मार मी एकट्यानं खाल्ला, आणि चाळीस वर्षांत कधी विषय काढला न्हाय. आत्ताही काढला नसता. पण तू येऊन कबूल केलंस, तरच ही बंदूक आप्पांची ठरणार. पहिल्या गाडीनं ये.

ता.क. दुसरा – पाकीट चिकटवताना आप्पा आपणहून बोलले, नवमीपासनं पहिल्यांदा. "यशीला बोलीव. ती सांगंल ते खरं. माझी यशी जन्मात कधी खोटं बोलली न्हाय."