दादाचा कोपरा

२ मार्च, सकाळ
वहिनीकडे राहायला आलो. आजपासून दादाच्या माशांच्या टाक्या माझ्याकडे. दादा गेल्यापासून तिलापियाची पिलं झालेली नाहीत. महिनाअखेरपर्यंत झाली नाहीत, तर वहिनी टाक्या विकणार. दादाने कधी मत्स्यपालनाचा कोर्स केला नव्हता. मी केला आहे. दोन दिवसांचा, पण सर्टिफिकेट आहे.

३ मार्च
तिलापियाची मादी अंडी तोंडात सांभाळते. म्हणजे तोंड उघडलं की प्रगती कळते. रोज उघडायचं ठरवलं.

५ मार्च
एकीच्या तोंडात अंडी! मुगाच्या डाळीसारखी. वहिनीला दाखवायला पुन्हा उघडलं. रिकामं. बया मूग गिळून बसली. वहिनी म्हणाली, भावजी, हे कधी पाण्यात हात घालत नसत. त्या काळी कोर्स नव्हते.

८ मार्च
मी गेलो की मासे तळाशी. पण सकाळी खिडकीतून पाहिलं, तर सगळे एका कोपऱ्यात, तोंडं वर करून. तिथे दादा उभा राहायचा. आता कोणी नव्हतं. तिथलं पाणी कोमट असणार. मोजलं. सगळीकडे सारखंच. थर्मामीटर बिघडला आहे.

१० मार्च
दादाची टोपी घालून त्या कोपऱ्यात उभा राहिलो. मासे पळाले. वहिनी खिडकीत आली, तिच्या हातातलं ताट पडलं. नंतर म्हणाली, क्षणभर वाटलं... टोपीचा प्रयोग बंद. माशांची तोंडं उघडणं दिवसातून दोनदाच.

११ मार्च
ताप. वहिनीने टाकीकडे जायला बंदी केली. दुपारी कोणीतरी खाद्याचा डबा वाजवत होतं, दादा वाजवायचा तसा. वहिनीला विचारलं. म्हणाली, डबा तर तुमच्याच पलंगाखाली आहे. पाहिलं. होता. ताप वाढलेला दिसतो.

२६ मार्च
आज बंदी उठली. पिलं! दादाच्या कोपऱ्यात, मादीभोवती ढगासारखी. माझी पद्धत जरा सावकाश लागू पडते. वाकलो. माझी सावली पडताच मादीने तोंड उघडलं, पिलं आत. वहिनी म्हणाली, भावजी, बाजूला व्हा. झालो. आली बाहेर. खात्रीसाठी पुन्हा वाकलो. पुन्हा आत.

३१ मार्च
टाक्या राहणार. वहिनी म्हणाली, पिलं मोठी होईपर्यंत तुम्ही आपल्या खोलीवर जा. किती दिवस, विचारलं. तीही मूग गिळून बसली. कोपऱ्यातल्या खांबाला तिने दादाची टोपी अडकवली आहे. खाली सगळे मासे, तोंडं वर करून. वारा नव्हता. टोपी हलत होती.

निघताना टोपीला म्हटलं, दादा, येतो.

तिकडून ‘ये’ आलं नाही.