भांगाचे चित्र आणि पाच विषयांत शून्य

प्रति,
मा. मूल्यमापन अधिकारी,
प्राथमिक शिक्षण कार्यालय.

विषय : इयत्ता दुसरीतील विद्यार्थिनीस भाषा, गणित, परिसर अभ्यास, चित्रकला व शारीरिक शिक्षण या पाचही विषयांत दिलेले शून्य गुण रद्द करून तिची फेरपरीक्षा घेणेबाबत.

संदर्भ : १) आपले 'सर्व विषयांत अप्रगत' या मथळ्याचे पत्र.
२) वर्गखोली परत मिळण्यासाठी मी केलेले चार अर्ज, ज्यांची आपण 'नोंद घेतली' आहे.

महोदय,

मी पहिली-दुसरीच्या एकत्र वर्गाची शिक्षिका आहे. माझ्या वर्गातील एक मुलगी 'शिकण्यास असमर्थ' असल्याचा निर्णय आपल्या कार्यालयाने दिला असून, पुढील महिन्याच्या पहिल्या तारखेस तिला परगावच्या निवासी शाळेत पाठविण्याचे ठरविले आहे. त्या शिफारशीवर वर्गशिक्षिका म्हणून माझी सही मागितली आहे. ती मी केलेली नाही आणि करणारही नाही. कारणे खालीलप्रमाणे सादर करते.

१. सदर मुलगी सात वर्षांची आहे. तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही. उजव्या कानाला यंत्र लावले की थोडेफार येते, आणि उरलेले ती समोरच्या माणसाच्या ओठांवरून उचलते. ही बाब शाळेच्या दाखल्यात, आरोग्य तपासणीच्या कागदात आणि आपल्याच कार्यालयाच्या गेल्या वर्षीच्या नोंदीत स्पष्ट लिहिलेली आहे. पहिलीत ती खिडकीशेजारच्या पहिल्या बाकावर बसत असे. मी चुकून फळ्याकडे तोंड करून बोलू लागले की ती पाटीवर पेन्सिल आपटायची. मग मी वळायचे, पुन्हा सांगायचे, आणि तिला एकदा कळले की ते पुन्हा सांगावे लागत नसे. वर्षअखेर ती गोष्टीची पुस्तके स्वतः वाचत होती. तिची आई धुलाईच्या दुकानात इस्त्री करते. तिने मला सांगितले होते, "बाई, ही आता गिऱ्हाइकांच्या पिशव्यांवरची नावं वाचून कपडे वेगळे करते. माझं अर्धं काम हलकं झालं."

२. या वर्षी आमच्या वर्गाला खोली नाही. सुट्टीत आपल्या कार्यालयाकडून शैक्षणिक साहित्याच्या पेट्या आल्या. त्यांवर ठळक अक्षरांत 'पहिली व दुसरीच्या मुलांसाठी' असे छापलेले आहे. त्या सुरक्षित राहाव्यात म्हणून पहिली-दुसरीच्याच मुलांना खोलीबाहेर काढण्यात आले, दाराला कुलूप लागले आणि कुलपावर लाखेचे सील बसले. पेट्यांचे वाटप मान्यवरांच्या हस्ते व्हायचे आहे आणि मान्यवरांना सवड नाही. किल्ली ज्या साहेबांकडे होती त्यांची बदली झाली, ते किल्लीसह गेले. नवे साहेब म्हणतात, सील आधीच्यांनी लावले, मी कसे तोडू? मुलांनी मणी मोजून बेरीज शिकावी म्हणून मणी आले, आणि मण्यांना जागा हवी म्हणून मुले गेली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरे काय.

३. माझ्या पहिल्या अर्जास 'पर्यायी व्यवस्था आपल्या स्तरावर करावी' असे उत्तर आले. माझा स्तर म्हणजे जिन्याखालची जागा. तिथे उजेड एका बाजूने येतो आणि तोही माझ्या पाठीमागून, त्यामुळे माझा चेहरा मुलांना काळा दिसतो. वरच्या वर्गांची मुले जिना उतरू लागली की मला स्वतःचाही आवाज ऐकू येत नाही. ज्या मुलीचे अर्धे ऐकणे डोळ्यांनी होते, तिला आपण अंधारात आणि गोंगाटात बसविले. हे मी दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या अर्जात लिहिले. पालथ्या घड्यावर पाणी. चौथ्या अर्जानंतर मात्र कार्यालयाने वर्गाचे छायाचित्र मागविले, तेव्हा मला वाटले की कुणाला तरी जाग आली. ते छायाचित्र आपल्या पुस्तिकेत 'कमी जागेत आनंददायी शिक्षण' म्हणून छापून आले आहे. त्यात ही मुलगी पुढे बसलेली आहे आणि छायाचित्र काढणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून पाहते आहे, कारण तो काहीतरी सांगत असणार असे तिला वाटले.

येथून पुढे क्रमांक घालत नाही, क्षमा असावी. आता जे लिहायचे आहे ते क्रमाने सुचण्यासारखे नाही.

आपल्या कार्यालयाच्या परीक्षक बाई त्या जिन्याखालीच परीक्षा घ्यायला आल्या. नेमकी मधली सुट्टी होती. खोली देता येत नसल्याने मुख्याध्यापकांनी निदान त्यांच्या स्वतःच्या खोलीत बसा असे सुचविले, पण 'मूल्यमापन मुलाच्या नेहमीच्या जागी करावे' असा नियम निघाला. बाईंना त्या दिवशी आणखी तीन शाळा करायच्या होत्या, हे मला मान्य आहे. मी त्यांना मुलीच्या कानाविषयी सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "सगळ्यांना सारखेच प्रश्न, सारख्याच पद्धतीने. नाहीतर इतरांवर अन्याय होतो." मला पाच पावले लांब उभे राहण्यास सांगितले, कारण शिक्षकाने मदत करू नये. मी उभी राहिले. याचा मला अजून राग येतो, आणि तो आपल्यावरच आहे असे नाही.

भाषेच्या परीक्षेत शब्द ऐकून लिहायचे होते. बाई कागदात डोके घालून शब्द वाचत होत्या आणि वरून पाचवीचा वर्ग उतरत होता. मुलगी वाकून, मान तिरपी करून बाईंचा चेहरा शोधत होती. बाईंनी तिला 'नीट बस' अशी हाताने खूण केली. ती खूण तिला कळली आणि ती नीट बसली. भाषेत शून्य. तोंडी गणितात तेच झाले, गणितात शून्य. परिसर अभ्यासात 'घरात कोण कोण आहे, ते काय काम करतात' असा प्रश्न होता. आईच्या इस्त्रीत पाणी किती भरतात आणि कोणत्या कपड्याला किती आच लागते हे जी मुलगी दहा मिनिटे हातवारे करून सांगेल, तिच्या नावापुढे 'कुटुंबाची माहिती नाही' असा शेरा आहे.

शारीरिक शिक्षणाचे तर विचारूच नका. शिट्टी वाजली की पटांगणात धावायचे होते. शिट्टी मागून वाजली. इतर मुले धावताना पाहून तीही धावली आणि दोघांच्या पुढे गेली. शेरा असा आहे : 'सूचनेचे पालन न करता इतरांचे अनुकरण करते'. शून्य.

चित्रकलेतसुद्धा शून्य येऊ शकते हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत ठाऊक नव्हते. बाईंनी तोंडी सांगितले होते की घर, झाड आणि सूर्य काढा. मुलीपर्यंत फक्त कागद आणि रंगखडू पोहोचले. तिला वाटले, समोर आहे ते काढायचे. समोर बाईंचे खाली घातलेले डोके होते. तिने दोन्ही बाजूंना काळे केस, मधोमध सरळ पांढरा भांग आणि भांगाच्या टोकाशी किंचित पांढरे झालेले चार केस काढले. परीक्षाभर तिला बाईंचे जेवढे दर्शन झाले, तेवढे सगळे त्या कागदावर आहे. त्यावर लाल शाईने 'निरर्थक रेघा' असे लिहिलेले आहे. ते चित्र सोबत जोडले आहे. कृपया संबंधित बाईंना आरशासमोर मान खाली घालून एकदा पडताळून पाहण्यास सांगावे.

निवासी शाळेला माझा विरोध नाही. ज्या मुलांना तिची गरज आहे त्यांच्यासाठी ती चांगली शाळा आहे असे ऐकते. परंतु या मुलीला तिथे तिच्या गरजेसाठी पाठविले जात नाही. ती अंधारात बसून आपल्या लोकांचे ओठ वाचू शकली नाही म्हणून पाठविले जात आहे. तिची आई पत्र घेऊन माझ्याकडे आली होती. ती रडली नाही. तिने एवढेच विचारले, "बाई, माझ्या बोलण्याची तिला सवय आहे. तिथे रात्री दिवा घालवल्यावर तिच्याशी कोण बोलणार? आम्ही दोघी दिवा लावूनच झोपतो." उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या आपल्या कार्यालयाकडे याचे उत्तर असेल तर लेखी द्यावे.

आता माझ्या कृत्याबाबत. काल सकाळी मी वर्गखोलीचे कुलूप तोडले. शाळेचा शिपाई, मुख्याध्यापक किंवा अन्य कुणाचाही यात हात नाही. हातोडा माझ्या घरचा होता. सर्व पेट्या उघडल्या आहेत. मातीकामाची माती वाळून वीट झाली आहे, डिंकाच्या बाटल्या आटल्या आहेत, मणी मात्र उत्तम आहेत आणि मुलांनी ते घेतले. निलंबनाचा आदेश काढावयाचा असल्यास शाळेच्या पत्त्यावर पाठवावा, मी वर्गावर असेन.

आज त्याच खोलीत, मुलीला खिडकीशी बसवून, मी संपूर्ण वर्गाची परीक्षा घेतली. 'सगळ्यांना सारखेच प्रश्न, सारख्याच पद्धतीने' हा आपला नियम मी काटेकोर पाळला. उजेडाकडे तोंड करून उभी राहिले आणि आवाज अजिबात न काढता, फक्त ओठ हलवून दहा बेरजा घातल्या आणि दहा शब्द सांगितले. मुख्याध्यापक साक्षीला होते. मुलीचे सर्व शब्द बरोबर आले. एक बेरीज चुकली, कारण सात आणि साठ हे आकडे ओठांवर सारखेच दिसतात. ही गोष्ट आज मी तिच्याकडून शिकले.

उरलेली मुले पहिल्यांदा हसली, मग एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली, आणि शेवटी सगळी उठून तिच्या बाकाभोवती गोळा झाली. "बाई काय म्हणाल्या गं? सांग ना." तिला या वर्गात येऊन दीड वर्ष झाले. एवढ्या काळात वर्गातल्या कुणी तिला काही विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. ती एकेकाला, त्याच्याकडे तोंड करून, सावकाश सांगू लागली.

तरी विनंती की, सदर मुलीची फेरपरीक्षा वर्गखोलीत, उजेडात आणि समोरासमोर घेण्यात यावी, आणि तोपर्यंत तिला कुठेही हलवू नये. हे नियमात बसत नसेल, तर आजच्या परीक्षेत तिच्याखेरीज संपूर्ण वर्गास शून्य गुण मिळालेले आहेत, ही बाब आपल्या निदर्शनास आणते. त्यात आपल्या कार्यालयातील एका साहेबांचा नातू व मुख्याध्यापकांची पुतणी यांचा समावेश आहे. या सर्व मुलांची निवासी शाळेसाठी शिफारस करावी किंवा कसे, ते पहिल्या तारखेपूर्वी कळवावे.

आजचा दिवस वगळून आपली आज्ञाधारक,
(सही)
वर्गशिक्षिका, इयत्ता पहिली व दुसरी

दिनांक : आज, शाळा सुटल्यावर

सोबत : १) परीक्षक बाईंच्या भांगाचे चित्र, मूळ प्रत. मुलीला परत हवे आहे.
२) शिफारसपत्र, सहीविना.
३) आजच्या परीक्षेत शून्य गुण मिळालेल्या मुलांची नावे, पालकांच्या हुद्द्यांसह.