हाकेला ओ

६ मे

आलो एकदाचे! मजेत आलो, हेही लिहून ठेवते, म्हणजे उद्या आईनं विचारलं तर दाखवायला बरं. हवा छान आहे, खोली स्वच्छ आहे, खिडकीतून डोंगर दिसतात. वाटेवर चालायला आलेल्या लोकांनी दाराबाहेर बूट ओळीनं वाळत घातलेत, त्यांचा वास थेट उशीपर्यंत येतो. गाव म्हणजे एक रस्ता, त्यावर तीन दुकानं आणि तिन्हींत तेच ते मोजे. मी दातांची डॉक्टर आहे, माणसाच्या गळ्यात नको ती वस्तू कशी मारायची हे मला शिकवायला नको. पण या दुकानदारांपुढे मीही हात टेकले. बंधुराजांनी तिथून काठ्या घेतल्या. चालायला काठ्या! चांगला धडधाकट बाप्या!

ही वाट डोंगरांच्या माथ्यामाथ्यानं जाते आणि समुद्रावर संपते. महिनाभर चालायचं. समुद्रावर गाडीनं एका दिवसात पोहोचता येतं, हे मी त्याला सांगून पाहिलं. तो नुसता हसला. हसला, म्हणून मी सामान भरायला घेतलं. बायको सोडून गेल्यापासून हा धाकटा माझा वर्षभर पडदे ओढून खोलीत बसून होता, ताट दाराशी ठेवावं लागायचं. मग एक दिवस नकाशा मागवला. आईनं दवाखान्यात फोन केला, माझ्यापुढे पेशंट आ वासून पडलेला, आणि ही रडतेय. त्याला एकटं सोडू नकोस म्हणाली, जसा नेशील तसा परत आण म्हणाली. आणते म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

वाटेच्या तोंडाशी एक पाटी आहे. धुक्यात सोबत्याला हाक मारत राहा, हाक आली की ओ द्या, असं मोठ्या अक्षरांत लिहिलंय. लोक तिला टेकून फोटो काढतात.

८ मे

चालणारी माणसं ही एक वेगळीच जमात आहे. प्रत्येकाला आपल्या पायाच्या फोडांबद्दल बोलायचं असतं, आणि नुसतं बोलून भागत नाही, मोजा काढून दाखवायचे असतात. एक निवृत्त हेडमास्तर सपत्नीक चाललेत. ते दर वळणावर थांबून निसर्गाविषयी काहीतरी म्हणतात आणि बायको मान डोलावते. बाईंच्या दाढा झिजल्यात. रात्रभर दात खात असणार, मला आश्चर्य वाटलं नाही. दोन कॉलेजातल्या मुली आहेत, त्या सूर्य उगवला तरी टाळ्या वाजवतात.

राहायला दगडी निवारे आहेत. आत फळ्यांचे दुमजली पलंग, एक शेगडी, दोरीवर सगळ्यांचे ओले मोजे. सूप पाकिटातलं. बंधुराजांना ते अप्रतिम लागतं म्हणे. वर्षभर घरचं ताट तसंच परत पाठवणारा माणूस पाकिटातलं सूप बोट फिरवून चाटतो! असो, खातोय ना.

१० मे

आज दांड्यावर, डोंगराच्या धारेवर, धुकं होतं आणि सगळ्या जमातीला चेव आला. पुढचा हाक मारणार, मागचा ओ देणार. हेडमास्तर बायकोला हाक मारतात ती वर्गात हजेरी घेतल्यासारखी. पायवाट एवढी रुंद, कडेला रंगवलेले दगड, चुकायचं म्हटलं तरी चुकता येऊ नये, पण पाटीवर लिहिलंय ना! मोठी माणसं अक्कल गहाण टाकून लपाछपी खेळतायत.

आमचे बंधुराज पुढे आणि मी मागे. थोडं चालला की ताई म्हणून हाक. मी ओ द्यायची. पुन्हा ताई. पुन्हा ओ. मध्येच काहीतरी सांगायचं असतं त्याला: ते झाड बघितलंस का, लहानपणी आपण अमुक केलं होतं ते आठवतं का. धुक्यात झाड कुठून दिसणार, बाबा? दुपारपर्यंत माझ्या डोक्यावरून पाणी गेलं. निवाऱ्यात आल्यावर स्पष्ट सांगितलं की उद्यापासून ओबिओ काही मिळणार नाही, मी काय त्याच्या खेळातली बाहुली नाही. तो बरं म्हणाला आणि सूप न संपवताच उठला. चेहरा एवढासा झाला होता. हा अशी प्रत्येक गोष्ट मनाला लावून घेतो, म्हणूनच तर ती बाई कंटाळून गेली.

११ मे

बोलल्याप्रमाणे वागले. धुकं कालच्यासारखंच. त्यानं हाक मारली, मी गप्प. दुसरी मारली, गप्प. तिसरी मारली तेव्हा आवाज जरा कापरा होता, पण मी ठरवलं होतं. तेवढ्यात माझ्या आणि त्याच्या मध्ये कुणीतरी ओ दिली. कुणी बाई होती. असेल एखादी परोपकारी कॉलेजकन्यका. मग दिवसभर तो हाक मारत होता आणि ती ओ देत होती, आणि मला पहिल्यांदाच शांतपणे चालता आलं.

निवाऱ्यात त्यानं माझ्यासाठी पाणी तापवून ठेवलं होतं. म्हणाला, ताई, तू रागावलीस तरी शेवटी ओ दिलीसच. मी नाही म्हणणार होते. पण पाणी गरम होतं, पाय ठणकत होते, फुकटचं श्रेय मिळत होतं. होय बाबा, दिली, म्हणाले.

१३ मे

त्या मुली कालच पुढच्या गावात उतरून गाडीनं घरी गेल्या. पायांत गोळे आले, टाळ्या संपल्या. मास्तर मागच्या निवाऱ्यात तापानं पडून आहेत. म्हणजे दांड्यावर आज आम्ही दोघंच होतो.

तरी ओ येत होती.

मी मुद्दाम लक्ष देऊन ऐकलं. आवाज ओळखीचा वाटत होता आणि कुणाचा ते लागत नव्हतं. दुपारी लक्षात आलं. दवाखान्याच्या फोनवर माझा संदेश लावून ठेवलाय, तो ऐकताना दर वेळी मला चीड येते, तोच आवाज. माझा. फक्त त्या संदेशात मी कुणावर तरी उपकार करत असते. ही तशी बोलत नव्हती.

प्रतिध्वनी असणार. दरी आहे, कडे आहेत. पण मी तर तोंडच उघडलं नव्हतं!

निवाऱ्यात बंधुराजांची कळी खुललेली. म्हणाला की आज तुझ्याशी बोलून छातीवरचा दगड उतरला. बायको का गेली ते सगळं सांगून टाकलं म्हणे, आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. आणि मी काय म्हणाले? तर यात तुझी काही चूक नव्हती, असं मी म्हणाले. मी! मी असं म्हणेन का कधी? चूक त्याचीच होती. पण तो जेवला. दोनदा वाढून घेतलं. मी ते माझ्या नावावर राहू दिलं.

१४ मे

आज मीच ओ द्यायची ठरवली. त्याची पहिली हाक आली आणि मी दिली, खणखणीत. पुढून दुसरीही आली, त्याच क्षणी. तो हसला, डोंगर तुझी नक्कल करतोय म्हणाला, आणि मग पुढच्या आवाजाशीच बोलत राहिला. मी ओरडून काही विचारलं तर त्याला ऐकू गेलं नाही. मला मात्र त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द नव्हे, नुसती गुणगुण. मध्येच हसणं. तो इतका मोकळा कधी हसला होता ते मला आठवेना.

मला राग आला. भीती नव्हे, राग. माझ्या भावाशी माझ्याच आवाजात गोडगोड बोलणारी ही टवळी कोण?

मी मागे पडले. निवाऱ्यावर पोहोचले तर तिथली सांभाळणारी बाई मला म्हणाली की आज उशिरा आलेल्यांना पलंग नाही. मी तिला फाडून खाल्लं. भाऊ आत आहे, आम्ही दोघं आहोत म्हटलं. ती म्हणाली की तो तर मघाशीच बहिणीबरोबर आला. दोघांनी चहा घेतला, बहीण तोंड धुवायला मागे गेलीय.

टेबलावर दोन कप होते. दोन्ही रिकामे. दुसऱ्याच्या काठावर माझ्या ओठांना लावायच्या मलमाचा डाग. मलम माझ्या खिशात होतं.

मागे गेले. नळाखालची फरशी ओली होती. कुणी नव्हतं.

१४ मे, जेवणाआधी

सांगितलं त्याला. सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून. ओ देणारी मी नव्हते, तुझ्याबरोबर चालते ती मी नाही, आपण उद्याच खाली उतरू. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा पुन्हा तसा होत गेला, पडदे ओढलेल्या खोलीतला. शेवटी एवढंच म्हणाला की ताई, आयुष्यात एकदा चार शब्द चांगले बोललीस, तेही परत घेतेस?

त्याचा विश्वास का बसावा? गोड बोलणारी ताई खोटी आणि घालूनपाडून बोलणारी खरी, हे मी त्याला कुठल्या तोंडानं पटवू?

१५ मे

सकाळीच निघून गेला. मला न उठवता. बाई म्हणाली, दोघं गेले.

दुपारी धुक्यात गाठलं. दहा पावलांवर त्याची सॅक दिसत होती. पलीकडे आणखी एक पाठ. माझंच जाकीट, माझ्यासारखंच एका खांद्यावर ओझं टाकून चालणं. मी हाका मारल्या. त्याचं नाव घेतलं, घरचं, लहानपणचं, सगळी. तो थांबला. मागे वळून पाहणार होता. तिला विचारलं त्यानं, मागे कोण आहे?

आणि ती म्हणाली — माझ्याच आवाजात, मी पेशंटबद्दल, शेजाऱ्यांबद्दल, सगळ्या जगाबद्दल म्हणते त्याच सुरात — कुणी नाही, तू लक्ष नको देऊस.

तो वळला नाही. पुढे गेला.

१६ मे

रंगवलेले दगड मागे राहिले. ते दोघं वाट सोडून उतरतायत. इकडे वाट नाहीच, नुसता सुट्या दगडांचा घसारा आहे, खाली दरी. पावलं एकाचीच उमटलीत, त्याची. काठ्यांच्या टोकांच्या खुणा. बऱ्या घेतल्या काठ्या. बरं झालं घेतल्या.

मी ओरडून सांगितलं त्याला की तुझी चूक नव्हती. माझ्या तोंडानं, माझ्या मनानं. तू मला हवा आहेस रे, कसाही. ओ दे. एकदा ओ दे.

काही नाही.

दुपार

बसलेय एका दगडाशी. धुक्यात पाऊल कुठे टाकायचं ते दिसत नाही, ते विरळ होईपर्यंत लिहितेय. आईला काय सांगू — नाही. सांगायचं काही नाही. घेऊन जायचंय त्याला.

हाक!

ताई म्हणाला. खालून. घाबरलाय. ती आता गप्प आहे, तिची ओ येत नाही, तो एकटाच हाका मारतोय. मी ओ दिली. आले म्हटलं, हलू नकोस, आले. उठतेय —

पुन्हा हाक. पण ही वरून. वाटेच्या बाजूनं. तशीच घाबरलेली. तोच आवाज.

खालून पुन्हा.

दोन्हीकडून. एक तो आणि एक — मला ओळखता येत नाही. देवा, माझा कुठला ते मला ओळखता येत नाही. जन्मभर हा बोलत राहिला आणि मी कधी नीट ऐकलंच —

दोघंही म्हणतायत, ताई, ओ दे. एकालाच देता येईल. दुसरीकडे कुणीतरी देईलच. देईलच ती.

खालचा रडतोय. वरचाही. वरचा जवळ आलाय. खालचा — थांब, खालच्याच्या आवाजात जरा — नाही, वरच्याच्या —