शिकवणाऱ्याचा उपास

आप्पा,

काल दुपारच्या प्रार्थनेत मी उपास अंगावर घेतला. तुम्हीच सांगितलं होतं, आपल्या यहुदी शास्त्रात स्वतःहून करायचा उपास आदल्या दुपारी बोलून धरावा लागतो. सकाळी उठून नुसतं उपाशी राहिलं तर तो धरला जात नाही. आज पुण्यात तुमच्या नातीच्या, माझ्या लेकीच्या, पोटातली गाठ काढायची होती. माझी रजा उद्यापासून, म्हणून मी निपाणीत, शाळेत, तिसरीच्या वर्गावर. अजून जीव थाऱ्यावर नाही. हे कुणाला पाठवायचं नाही, म्हणूनच लिहायला बसले.

दादा काविळीनं दवाखान्यात होता तेव्हा आईनं उपास धरला, तुम्ही धरला नाहीत. अजून डोळ्यांपुढं आहे: शहापूरच्या तुमच्या शाळेत मी डबा घेऊन येते, तुम्ही हात धुऊन भाकरी मोडता, आणि मी दारातूनच विचारते, "तुम्हाला काहीच वाटत न्हाय?" तुम्ही घास खाली ठेवलात. "पोरांना शिकवणाऱ्यानं असा उपास धरायचा न्हाय, हा नियम हाय गं. भुकेल्या पोटी शिकवणं उणं पडतं. नुकसान पोरांचं." मग जेवलात, सगळा डबा. दादा गेला. आई कितीतरी दिवस तुमच्याशी बोलली नाही. मी बोलत राहिले, पण मनातून तुम्हाला माफ केलं नाही, तुम्ही जाईपर्यंत.

आज अकराच्या सुमाराला एक मुलगी वाचताना अडली. तिच्या घरी कन्नड, ती रोजच अडते आणि मी रोज थांबते. आज माझं लक्ष फोनकडे, पोटात आग. मी ओरडले, तिच्या हातातलं पुस्तक हिसकावलं, पान फाटलं. ती रडली नाही. हळूच म्हणाली, "बाई, उद्या वाचू का?"

मधल्या सुट्टीत मी शाळेतला आमटी-भात वाढून घेतला आणि पोटभर जेवले. मग तिला जवळ बसवून पान चिकटवलं. आम्ही दोघींनी तो धडा शेवटपर्यंत वाचला.

घरी येऊन दुपारची प्रार्थना म्हटली. उपासाच्या दिवशी "आम्हाला उत्तर दे" असं जास्तीचं मागायचं असतं, तिथं ओठ थांबले. तेवढं गाळून पुढं गेले.

दिवेलागणीला लेकीचा फोन आला. आवाज जड होता. गाठ काढली, कसली ते आठ दिवसांनी कळेल. "आई, जेवलीस का गं?"

मी म्हटलं, "न्हाय गं. तुझ्यासाठी उपास हाय आज."

आईला तुम्हीही असं सहज सांगू शकला असता, आप्पा.