सात नंबरच्या व्हॉल्व्हचं कव्हर

अहो,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नव्हती. माहेरी गेले तरी तिसऱ्या दिवशी तुम्ही न्यायला हजर, मग पत्र लिहायचं कुणाला? आज लिहायला बसले, कारण डोकं नुसतं तापलं आहे. आणि ज्याच्यावर ओरडून ते शांत व्हायचं, तो माणूस चार महिन्यांपूर्वी छातीत कळ आली म्हणाला आणि ऑटो येईपर्यंतही थांबला नाही.

गेल्या सोमवारी एक बाई घर विचारत विचारत सिंदी मेघेपर्यंत आली. वनिता तिचं नाव. कारंज्याच्या रस्त्यावरच्या डेअरीत कॅन धुणाऱ्या गजाननची बायको. मी पाणी पुढे केलं, तिनं घेतलं नाही. दारातूनच म्हणाली, "तुमच्या मालकानं वाफेच्या लाइनवरचं कव्हर लावलंच नाई म्हने. माह्या माणसाचा हात कोपरापर्यंत भाजला. ठेकेदारच सांगून राह्यला, प्रभाकर घाईघाईत काम टाकून गेला म्हून."

घाईघाईत! तुम्ही!

दोन पोळ्या खायला पाऊण तास लावणारा माणूस तो. वाफेच्या तापल्या पाइपावर काचेचा कापूस गुंडाळायचा, त्यावर जाळी, जाळीवर तार, तारेवर पत्रा. आणि पत्र्याची जोड दिसायला कितीही वाईट दिसो, ती खालच्याच अंगाला, पाणी आत शिरू नये म्हणून. हिंगणीला भाऊजींच्या कारल्याच्या मांडवाला तारा बांधायला गेलात, तर तिथंही प्रत्येक टोक आत वळवत बसलात. भाऊजी वैतागले. तुम्ही म्हणालात, "बाया तोडाले येतात रे, हाताले लागन." त्या माणसाच्या नावावर भाजलेला हात?

आणि वनिताला मी काय सांगणार होते? ती कव्हरं तुम्ही लावायचात, पण शिवायची मी. पाइप एकदा झाकला की झाकला. व्हॉल्व्ह मात्र दुरुस्तीला उघडावा लागतो, म्हणून त्याला काढता-घालता येईल असं गोधडीसारखं कव्हर. तुम्ही वर्तमानपत्राचा फर्मा कापून आणायचात आणि मी आतल्या खोलीत दाभण घेऊन बसायची. ते काचेचं कापड, तो काचेचा कापूस! हातांना, मानेला, पापण्यांनासुद्धा खाज. थंडीतही गार पाण्यानं आंघोळ करायची, कारण गरम पाण्यानं कुसळं आणखी आत जातात. हे तुम्हीच शिकवलंत. प्रत्येक कव्हरावर लाल दोऱ्यानं नंबर घालायचा, म्हणजे याचं त्याला लागत नाही, हेही तुमचंच.

डेअरीचं सात नंबरचं मी तीनदा उसवलं होतं. त्या व्हॉल्व्हशेजारी भिंतीतून लोखंडी अँगल बाहेर आला आहे, म्हणून डाव्या बाजूला खाच ठेवायची होती. खाच बोटभर मोठी झाली. मी म्हटलं, एवढ्यानं काय होतं? तुम्ही म्हणालात, "एवढ्यातूनच हात जाते, मंदे." त्या दिवशी मी तुमच्याशी बोलले नाही. भाजी वाढली ती ताटात आदळूनच. आता वाटतं, निदान मीठ तरी नीट घालायला हवं होतं.

तर मंगळवारी मी एकटीच एसटीनं डेअरीवर गेले. गेटवरच्या चौकीदारानं रजिस्टर पुढे केलं आणि सही घ्यायला खुर्चीवरून उठला. खुर्चीवर काय होतं सांगू? माझं कव्हर! घडी घालून बसायला घेतलेलं! कोपऱ्यात लाल दोऱ्याचा सात. मी ते ओढूनच घेतलं. चौकीदार म्हणतो, "अवो बाई, थे माही गादी हाय."

गादी! माझी बोटं आठ-आठ दिवस चुरचुरायची आणि हा त्यावर बसून चहा पितो!

तशीच कव्हर काखोटीला मारून आत गेले. मॅनेजर साहेबांच्या खोलीत तुम्हाला काम देणारा तो ठेकेदार बसलेलाच होता. मला पाहून त्याचा चेहरा उतरला, पण जीभ जागेवर होती. "या वहिनी. काऊन तकलीफ घेतली? झालं थे झालं. मेलेल्या माणसावर आमी काई केस कराले नाई चाललो."

काय उपकार! मी साहेबांच्या टेबलावर कव्हर उलटं पसरलं. आतलं कापड तपकिरी झालेलं, आणि त्यात बोल्टांचे गोल गोल ठसे. म्हटलं, "साहेब, लावलंच नसतं तर हे आतून कसं करपलं असतं? प्रभाकरनं हे लावलं होतं. मागून कुणीतरी काढलं."

हो, नाव घेतलं मी तुमचं. इतक्या वर्षांत उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं, आणि त्या दिवशी परक्या पुरुषांसमोर ठणकावून घेतलं. तुम्ही ऐकायला नव्हतात, एवढंच.

ठेकेदार म्हणाला, "कोन्या दुसऱ्या कंपनीतलं असन थे." मग मीच म्हटलं, चला, लावून पाहू. धुण्याची पाळी संपली होती, लाइन बंद होती. साहेब पुढे, ठेकेदार मागे, मध्ये मी. सात नंबरचा व्हॉल्व्ह उघडा-नागडा उभा होता, आणि त्याच्या हातभर अंतरावर कॅन धुवायची जागा. गजानन पाय घसरून आधाराला त्यालाच धरायला गेला होता. मी कव्हर गुंडाळलं, नाड्या ओढल्या. डावीकडची खाच त्या लोखंडी अँगलवर अशी बसली, की मध्ये काडीसुद्धा गेली नसती.

मग तिथला फिटर खाली मान घालून म्हणाला, "साहेब, दोन महिन्यांपयले पॅकिंग बदलाले आमीच काढलतं. ठेकेदार सायेब म्हने, लावू मंग सवडीनं. थे राहूनच गेलं."

दोन महिन्यांपूर्वी! तेव्हा तुमचं तेरावं होऊनही दीड महिना उलटला होता. मेलेला माणूस उठून भांडणार नाही, या भरवशावर हा ठेकेदार गावभर तुमचं नाव खराब करत फिरला. त्याच्या पोराच्या बारशाला तुम्ही रात्रभर मांडव बांधला होता. लाज वाटली नाही त्याला?

आता खरं भांडण सुरू होतं, आणि ते तुमच्याशी आहे.

साहेबांनी कव्हरावरून हात फिरवला आणि म्हणाले, "काम तो पक्का है. नागपूरवाल्यानं बढिया शिवलं." मी म्हटलं, "नागपूरवाला कोण? हे मी शिवलं." ठेकेदार हसला. फिटरही हसला. "वहिनी, प्रभाकर दरवेळी आमाले सांगे, नागपूरवरून शिवून आनतो म्हून. तिथं मोठा कारखाना हाय म्हने."

कारखाना! आपल्या आतल्या खोलीत?

का हो सांगितलंत असं? घरी बायकोनं शिवलेलं म्हटलं तर माल परत येईल, ही भीती होती का? की बायको काचेत हात घालते, याची लाज होती? मला विचारलं असतंत तर मीच म्हटलं असतं, सांगा नागपूर, हरकत नाही. पण मला सांगितलंच नाहीत! त्या खोट्यापायी तुमची बाजू मांडायला गेलेली मी एका क्षणात खोटी ठरले. खाच का ठेवली, किती बोटं ठेवली, तीनदा का उसवलं, हे सगळं मी सांगत होते आणि ते एकमेकांकडे पाहून हसत होते. तुमच्यावर इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. आणि तुम्ही नव्हतात, म्हणून तो गिळावा लागला.

शेजारी आठ नंबरचा व्हॉल्व्हही उघडाच होता. मी चौकीदाराकडून वर्तमानपत्र आणि कात्री मागवली, पदर खोचला आणि तिथंच ओल्या फरशीवर उकिडवी बसून फर्मा कापला. व्हॉल्व्हच्या गळ्याला, चाकाच्या दांड्याला, दोन्ही बाजूंच्या बोल्टांना जागा ठेवून. कापताना हसू थांबलं. फर्मा गुंडाळून दाखवला तेव्हा फिटर पुढे येऊन म्हणाला, "तुमाले हे त्यायनं शिकवलं?" मी म्हटलं, "फर्मा त्यांनी. शिवण माझी."

ठेकेदारानं मला बाजूला घेतलं. "वहिनी, आपसात मिटवून टाकू. तुमच्या हातालेही काम देतो." मी म्हटलं, "आधी वनिताच्या दारात जाऊन खरं सांगा. मग माझ्या हाताचं पाहू." आणि साहेबांना म्हटलं, अपघाताच्या कागदावर जे आहे ते बदला. माझ्यादेखत बदला.

त्यांनी बदललं. खोट्यावर रेघ मारली, आणि फिटरनं सांगितलं तसंच खाली लिहून घेतलं. मग पेन माझ्याकडे दिलं, कव्हर कोणी लावलं, कोणी शिवलं, तुमच्या हातानं लिहा म्हणाले. मी लिहिलं. लग्नपत्रिकेनंतर आपली दोघांची नावं अशी शेजारी शेजारी आली ती त्या दिवशीच.

परवा मी वनिताकडे गेले होते. गजाननच्या हाताची पट्टी अजून सुटलेली नाही, बोटं नीट मिटत नाहीत. तुमचं नाव निघालं तेव्हा तो म्हणाला, "त्यायची गलती नोती, मले समजलं आता. ठेकेदार येऊन सांगून गेला." या वेळी वनितानंच मला पाणी दिलं. मी पेला रिकामा करूनच उठले.

आता शब्द देते, ऐका. डेअरीतला एकही व्हॉल्व्ह मी उघडा राहू देणार नाही. महिन्यातून एकदा स्वतः जाऊन पाहीन, ठेकेदाराला आवडो न आवडो. तुमच्या कामाला कुणी नाव ठेवलं तर त्याच्या दारात जाऊन उभी राहीन. आणि कव्हर कोणी शिवलं असं कुणी विचारलं, तर तुम्ही जे एकदाही सांगितलं नाहीत, ते मी सांगेन.

मी शिवलं.

मंदा